चिपचा सातबारा कोण लिहिणार?

केंद्र सरकारने डिसेंबर २०२१मध्ये ७६ हजार कोटी रुपयांची सेमीकंडक्टर मोहीम जाहीर केली. तेव्हापासून महाराष्ट्रातील चर्चा एकाच प्रश्नाभोवती घुटमळते आहे : कारखाना कुणाच्या अंगणात? तळेगावला येणार म्हणून गाजलेला वेदान्त-फॉक्सकॉनचा प्रकल्प सप्टेंबर २०२२मध्ये गुजरातेत गेला आणि जुलै २०२३मध्ये फॉक्सकॉनने अंग काढून घेतल्यावर त्या भागीदारीचा प्रकल्प तेथेही उभा राहिला नाही. मिहानमध्ये येणार असे मंत्र्यांच्या तोंडून ऐकलेला टाटा-एअरबसचा विमान प्रकल्प ऑक्टोबर २०२२मध्ये बडोद्याला गेला. ती सल नागपूरकरांच्या मनातून अजून गेलेली नाही. त्यामुळे चिप म्हटले की कारखाना, कारखाना म्हटले की जागा आणि जागा म्हटली की राजकारण, हा क्रम आपल्याकडे जणू ठरूनच गेला आहे.

या गदारोळात एक साधी गोष्ट मात्र मागे पडली. कारखान्यातून बाहेर पडलेली चिप मुकी असते. तिच्या पोटात काय काय आहे, कोणता भाग कोणत्या पत्त्यावर आहे, कोणती तार कुठे जाते, हे कुणीतरी लिहून ठेवल्याशिवाय तिच्यावर कोणतीही प्रणाली चालत नाही. हे लिहिण्याचे आणि लिहिलेले कागद नीट लावून ठेवण्याचे काम कारखान्यात होत नाही. त्यासाठी कोट्यवधींची यंत्रे लागत नाहीत, धूळविरहित दालने लागत नाहीत, करसवलतीही लागत नाहीत. एक टेबल, एक संगणक आणि भरपूर चिकाटी एवढ्यावर ते होते. नागपुरात या तिन्ही गोष्टी आहेत. तरीही हे काम येथे होताना फारसे दिसत नाही, आणि देशातही ते आपण दुय्यम मानले आहे.

हे काम समजून घेण्यासाठी आपल्या घरातल्या संगणकापासून सुरुवात करावी लागेल. संगणकाला आपण पेन ड्राइव्ह जोडतो तेव्हा तो स्वतःच आपली ओळख सांगतो : मी अमुक कंपनीचा, अमुक प्रकारचा, माझी क्षमता इतकी. यूएसबी किंवा पीसीआय जोडणीवरची उपकरणे अशी बोलकी असतात. उरलेली माहिती संगणकाच्या मदरबोर्डावरचा कायमस्वरूपी प्रोग्राम पुरवतो. म्हणूनच एकाच सीडीवरची प्रणाली शंभर वेगवेगळ्या संगणकांवर चढवता येते आणि ती चालते.

राउटर, सेट-टॉप बॉक्स, सीसीटीव्ही, लिफ्टचे नियंत्रक, मोटारीतले पडदे यांची गोष्ट वेगळी. या यंत्रांच्या पोटात दडलेल्या संगणकाला एम्बेडेड प्रणाली म्हणतात. तेथे प्रोसेसर, घड्याळे, सिरियल पोर्ट, मेमरीचे नियंत्रक असे सगळे एकाच चिपमध्ये कोंबलेले असते, आणि त्यातला कुठलाही भाग आपणहून बोलत नाही. सिरियल पोर्ट अमुक पत्त्यावर आहे हे ठाऊक असेल तरच त्याच्याशी बोलता येते. चुकीच्या पत्त्यावर हाक मारली तर ओ येत नाही, आणि बऱ्याचदा सगळी यंत्रणाच जागच्या जागी थिजते.

नागपूर शहरात घर घेणाऱ्याला आखीव पत्रिका म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. नगर भूमापन कार्यालयातल्या त्या कागदावर भूखंडाचा क्रमांक, क्षेत्रफळ आणि धारकाचे नाव असते. गावाकडे तेच काम सातबारा करतो. त्यातला नमुना सात जमिनीवरचे हक्क सांगतो आणि नमुना बारा त्या जमिनीत प्रत्यक्ष कोणते पीक उभे आहे ते सांगतो. जमीन डोळ्यांसमोर असते, पण कागद नसेल तर कर्ज मिळत नाही, नुकसानभरपाई मिळत नाही आणि विक्रीही होत नाही. एम्बेडेड चिपच्या बाबतीत नेमके हेच घडते. तिच्या सातबाऱ्याला 'डिव्हाइस ट्री' असे नाव आहे.

डिव्हाइस ट्री ही एक साधी मजकुराची फाइल असते. तिच्यात प्रोसेसर किती, मेमरी कुठून कुठपर्यंत, कोणत्या पत्त्यावर कोणते उपकरण, त्याला कोणते घड्याळ आणि कोणती सूचनावाहिनी, हे सारे फांद्या-उपफांद्यांच्या रूपात लिहिलेले असते. ही फाइल संक्षिप्त रूपात बदलून यंत्र सुरू होताना लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, हाती दिली जाते. कर्नल ती वाचतो आणि मग एकेका उपकरणाला जागे करतो. येथे एक गल्लत टाळली पाहिजे. अभियांत्रिकीचे विद्यार्थी व्हेरिलॉग किंवा व्हीएचडीएल शिकतात, त्याही हार्डवेअर वर्णनाच्याच भाषा आहेत. पण त्यांच्यातून चिप घडते. डिव्हाइस ट्री हे घडून तयार झालेल्या चिपचे वर्णन आहे. एक वास्तुविशारदाचा आराखडा, तर दुसरी उभ्या घराची नोंद.

ही कल्पना नवी नाही. सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकी कंपनीच्या संगणकांत तिचा उगम आहे आणि १९९४मध्ये तिला आयईईई १२७५ या मानकाचे रूप मिळाले. ॲपलच्या पॉवरपीसी संगणकांनी ती वापरली. पुढे लिनक्सच्या पॉवरपीसी शाखेनेही ती स्वीकारली. मात्र मोबाइल आणि लहान उपकरणांच्या जगावर राज्य करणाऱ्या आर्म प्रोसेसरांच्या लिनक्समध्ये २०११पर्यंत वेगळीच रीत होती. प्रत्येक बोर्डासाठी सी भाषेतली एक स्वतंत्र फाइल लिहायची आणि ती थेट कर्नलमध्येच मिसळायची. नवा बोर्ड आला की नवी फाइल. एका बोर्डासाठी तयार केलेला कर्नल दुसऱ्यावर चालण्याची हमी नाही. प्रत्येक बोर्डाला एक नोंदणी क्रमांक दिला जाई आणि हे क्रमांक हजारोंच्या घरात गेले होते.

मराठी वाचकांना या अवस्थेची कल्पना सहज येईल. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी मराठी संकेतस्थळे उघडताना प्रत्येकाचा वेगळा फाँट आधी उतरवून घ्यावा लागे. एका स्थळाचा 'क' दुसऱ्या स्थळावर भलतेच चिन्ह होऊन उमटे. अक्षर तेच, पण त्याचा पत्ता ज्याचा त्याचा वेगळा. युनिकोड रुळले आणि प्रत्येक अक्षराला एकच, सर्वमान्य जागा मिळाली, तेव्हा हा घोळ संपला. आर्म बोर्डांचे २०११मध्ये जे चालले होते ते याच घोळाचे मोठे रूप होते.

लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांचा संयम मार्च २०११मध्ये सुटला. आर्मच्या शाखेत निरर्थक आणि पुनरावृत्त मजकुराचा जो पूर येत होता, त्यावर त्यांनी जाहीरपणे, आणि छापता येणार नाहीत अशा शब्दांत, राग व्यक्त केला. त्यांच्या स्वभावाला ते धरूनच होते. पण त्या रागातून व्यवस्था उभी राहिली हे महत्त्वाचे. अर्न्ड बर्गमन, ओलोफ योहान्सन आदी मंडळींनी आर्म चिपसंबंधीचे बदल एकत्र तपासण्याची जबाबदारी घेतली आणि बोर्डांचे वर्णन सी भाषेतून काढून डिव्हाइस ट्रीमध्ये नेण्याचे काम सुरू झाले. डिसेंबर २०१२मध्ये आलेल्या ३.७ या आवृत्तीपासून एकच आर्म कर्नल अनेक कंपन्यांच्या चिपवर चालवण्याची सोय झाली. कर्नल एक, सातबारे अनेक.

एका कपाटातले दीड हजार कागद

एक प्रश्न सुटला की दुसरा उभा राहतो. कागद लिहिले गेले, पण ते ठेवायचे कसे? ६४ बिटांच्या आर्मसाठीची शाखा उशिरा सुरू झाल्यामुळे तेथे कंपनीनिहाय दालने करण्याचे शहाणपण लवकर आले. ३२ बिटांच्या जुन्या शाखेत मात्र सगळ्या फाइली एकाच फोल्डरमध्ये पडत राहिल्या. सॅमसंगच्या फाइलीशेजारी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची, तिच्याशेजारी ऑलविनरची. ज्यांनी सरकारी कचेरीतले जुने दस्तऐवजांचे कपाट उघडले आहे त्यांना हे चित्र परके वाटणार नाही. बोर्डांची संख्या दीड हजारांच्या पुढे गेली तरी कुणी हात घालत नव्हते, कारण या साऱ्या फाइली कर्नलमधून पूर्णपणे बाहेर काढून स्वतंत्र भांडारात न्याव्यात अशी एक योजना होती. योजना सुंदर होती. वर्णने केवळ लिनक्सची नसतात, यंत्र सुरू करणाऱ्या यू-बूटसारख्या प्रोग्रामलाही तीच लागतात, तेव्हा ती तटस्थ जागी असावीत हे तत्त्वतः बरोबरच. पण मोठी योजना येणार म्हणून लहान डागडुजी थांबवायची आणि मग दोन्हीही व्हायचे नाही, हा अनुभव केवळ नागपूर महापालिकेच्या हद्दीतच येतो असे नाही.

अखेर २०२३मध्ये रॉब हेरिंग यांनी ही कोंडी फोडली. वर्णने कर्नलबाहेर नेण्याचा बेत नजीकच्या काळात तरी होणार नाही, हे मान्य करून त्यांनी सगळ्या फाइली कंपन्यांच्या नावाच्या उपदालनांत हलवल्या. ऑगस्ट २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६.५ या आवृत्तीत ही नवी रचना आली. या कामातली एक दक्षता नोंदवण्याजोगी आहे. मूळ फाइलींची जागा बदलली, पण तयार झालेल्या फाइली यंत्रावर ज्या ठिकाणी बसवल्या जातात ती रचना त्यांनी पूर्वीसारखीच सपाट ठेवली. म्हणजे कार्यालय नव्या इमारतीत गेले, पण लोकांना नक्कल मिळण्याची खिडकी जुन्याच जागी राहिली. स्वतःचे बदल बाहेर सांभाळून असणाऱ्यांना मार्ग दुरुस्त करावे लागले. सामान्य वापरकर्त्याला काही कळलेही नाही.

कंपनीनिहाय वर्गवारी दिसायला सोपी, पण कंपन्या विकल्या जातात, विलीन होतात, नावे बदलतात. फ्रीस्केल ही कंपनी डिसेंबर २०१५मध्ये एनएक्सपीने घेतली. आज ३२ बिटांच्या शाखेत तिच्या चिप एनएक्सपीच्या दालनात सापडतात, तर ६४ बिटांच्या शाखेत त्याच कुळातल्या चिपचे दालन अजूनही फ्रीस्केलच्या नावाने उभे आहे. फाइलींच्या आत उपकरणांची ओळख सांगणाऱ्या ओळींत तर फ्रीस्केलचा जुना संक्षेप जसाच्या तसा आहे. ॲटमेलचेही तेच. ही कंपनी २०१६मध्ये मायक्रोचिपची झाली, दालनावरची पाटी बदलली, पण आतल्या नोंदीत ॲटमेल कायम. हा निष्काळजीपणा नव्हे. ती ओळ वाचूनच कर्नल कोणता ड्रायव्हर लावायचा ते ठरवतो. ती बदलली तर बाजारात विकली गेलेली लाखो यंत्रे आपला ड्रायव्हर हरवून बसतील. मालक बदलला तर फेरफार होतो, गट क्रमांक बदलत नाही, तसेच हे. दालने हवी तेव्हा हलवता येतात, ओळख हलवता येत नाही, हा भेद या मंडळींनी नेमका पाळला आहे.

नमुना सात आणि नमुना बाराचा भेदही येथे आहे. चिपचे वर्णन एका फाइलीत असते आणि त्या चिपवर आधारित प्रत्येक बोर्डाचे वर्णन दुसऱ्या. चिपमध्ये पाच सिरियल पोर्ट असतील, पण बोर्डावर दोनच बाहेर काढलेले असतील, तर चिपच्या फाइलीत पाचही 'डिसेबल्ड' म्हणून लिहायचे आणि बोर्डाच्या फाइलीत वापरातले दोन 'ओके' करायचे, असा संकेत आहे. त्यामुळे एकदा चिपची फाइल नीट लिहिली गेली की तिच्यावरचा नवा बोर्ड शे-दीडशे ओळींत उभा राहू शकतो. रास्पबेरी पाय वापरणारे शाळकरी मुलेसुद्धा या रचनेचा लाभ नकळत घेतात. जोडलेल्या सुट्या भागासाठी ते सेटिंगच्या फाइलीत जी एक ओळ लिहितात, ती मूळ वर्णनावर एक छोटी पुरवणी चढवत असते.

कोणत्या उपकरणाचे वर्णन कोणत्या शब्दांत करायचे, याचेही नियम आहेत. पूर्वी ते साध्या मजकुरात लिहिलेले असत, वाचणाऱ्याने आपल्या समजुतीप्रमाणे अर्थ लावायचा. अलीकडच्या काही वर्षांत हे नियम संगणकाला तपासता येतील अशा साच्यात बदलले जात आहेत. फाइल पाठवण्याआधी लेखकाने ती साच्यावर घासून पाहायची, चूक असेल तर यंत्रच दाखवते. हेरिंग यांच्यासह क्रिश्टॉफ कोझ्लोव्स्की आणि कॉनर डूली हे या नियमांचे राखणदार आहेत. परतवलेल्या फाइलींची त्यांची शेरेबाजी वाचली तर जुन्या काळचे कडक मुद्रितशोधक आठवतात.

शक्ती, वेगा आणि रिकामी दालने

आता आपल्या घराकडे वळू. भारताने स्वतःचे प्रोसेसर घडवले आहेत, हे अनेकांना ठाऊक नसते. आयआयटी मद्रासच्या 'शक्ती' प्रकल्पातील चिप २०१८मध्ये इंटेलच्या २२ नॅनोमीटर तंत्राने तयार झाली. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने 'वेगा' ही प्रोसेसरांची मालिका विकसित केली. हीच ती संस्था, जिने विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१मध्ये परम ८००० हा महासंगणक दिला. वेगा कुळातली 'तेजस ३२' ही चिप बसवलेले एरीज बोर्ड विद्यार्थ्यांना उपलब्ध आहेत. डिसेंबर २०२५मध्ये सी-डॅकचा 'ध्रुव ६४' हा एक गिगाहर्ट्झ वेगाचा, दोन गाभ्यांचा ६४ बिटांचा प्रोसेसर जाहीर झाला. शक्ती आणि वेगा दोन्ही रिस्क-५ या खुल्या आज्ञासंचावर आधारलेले आहेत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथे २०१०मध्ये जन्मलेला हा आज्ञासंच कुणालाही परवानाशुल्काविना वापरता येतो, आणि म्हणूनच केंद्राने एप्रिल २०२२मध्ये त्यासाठी स्वतंत्र कार्यक्रमही सुरू केला.

सप्टेंबर २०२५मध्ये आलेल्या लिनक्सच्या ६.१७ आवृत्तीतील रिस्क-५ची वर्णने ज्या दालनांत ठेवली आहेत, त्यांच्या पाट्या वाचण्यासारख्या आहेत. अमेरिकेची सायफाइव्ह आहे, मायक्रोचिप आहे, जपानची रेनेसास आहे. चीनकडच्या ऑलविनर, कनान, स्टारफाइव्ह, सोफगो, स्पेसमिट, टी-हेड अशी रांगच आहे. शक्ती किंवा वेगा नावाची पाटी त्यांत नाही.

यावर लगेच छाती पिटण्याचे कारण नाही. तेजस ३२ ही लहान नियंत्रक चिप आहे, तिच्यावर पूर्ण लिनक्स चालवणे अपेक्षितच नाही. शक्तीच्या सिरियल पोर्टचा आधार ओपनएसबीआय या रिस्क-५च्या प्रारंभिक प्रोग्राममध्ये पूर्वीच गेलेला आहे. शिवाय लिनक्स या प्रोसेसरांवर चालतेच, फक्त ते संबंधित संस्थेने स्वतःकडे ठेवलेल्या प्रतीत चालते. खरी अडचण या 'स्वतःकडे' शब्दातच आहे. मूळ लिनक्सची नवी आवृत्ती साधारण नऊ-दहा आठवड्यांनी येते. मूळ भांडारात असलेल्या फाइलींना त्या-त्या वेळचे बदल आपोआप लागू होतात, कारण बदल करणाऱ्यानेच सगळीकडे दुरुस्ती करायची असा दंडक आहे. स्वतःकडच्या प्रतीला ही सवलत नाही. तिचा सांभाळ करणारा अभियंता नोकरी सोडून गेला किंवा प्रकल्पाचा निधी संपला, की ती प्रत त्या दिवशीच्या आवृत्तीवर गोठते. पुढच्या सुरक्षा दुरुस्त्या तिच्यापर्यंत पोहोचत नाहीत.

गोठलेल्या प्रतीची किंमत काय, हे या प्रतिनिधीने घरच्या राउटरवर अनुभवले आहे. चार वर्षे विनातक्रार चाललेला तो डबा एक दिवस असुरक्षित ठरला, आणि कंपनीने नवी दुरुस्ती देणे केव्हाच थांबवले होते. त्यातली चिप धडधाकट होती. पण तिचे वर्णन मूळ भांडारात कधी गेलेच नव्हते, त्यामुळे दुसरी कोणती खुली प्रणाली त्यावर चढवण्याची वाटही बंद. शेवटी तो डबा भंगारात गेला. अशा यंत्रांचा ढीग शहरातल्या कुठल्याही ई-कचरा संकलन केंद्रावर पाहायला मिळतो. त्यातली कितीतरी केवळ कागदाअभावी बेवारस झालेली असतात. परदेशी यंत्रांच्या बाबतीत आपण हे सोसतो. उद्या देशी चिप बसवलेली उपकरणे सरकारी खात्यांत, रुग्णालयांत, वीजवितरणात हजारोंनी लागली आणि पाच वर्षांनी त्यांची हीच गत झाली, तर स्वदेशीचा शिक्का कुणाला वाचवणार आहे?

केंद्राने २०२२मध्ये 'चिप्स टू स्टार्टअप' हा २५० कोटींचा कार्यक्रम हाती घेतला. पाच वर्षांत ८५ हजार अभियंते चिपरचनेत तयार करायचे, असे त्याचे उद्दिष्ट. डिसेंबर २०२१च्या मोहिमेत रचनेशी निगडित प्रोत्साहन योजनाही आहे, तीत पात्र खर्चाच्या निम्म्यापर्यंत, कमाल १५ कोटी रुपयांची प्रतिपूर्ती मिळते. पैसा आहे, मनुष्यबळाचा आकडाही ठरलेला आहे. पण तयार झालेल्या चिपचे वर्णन मूळ भांडारात स्वीकारले गेले की नाही, हा निकष अनुदानाच्या हप्त्याला जोडावा, असे या प्रतिनिधीचे स्पष्ट मत आहे. चिप तयार झाल्याचे छायाचित्र समारंभात झळकते. वर्णनाची फाइल स्वीकारली गेल्याचे छायाचित्र निघत नाही, म्हणून ती राहून जाते. त्यातही वर्णन स्वीकारले जाण्यासाठी परक्या माणसाकडून चारचौघांत चुका काढून घ्याव्या लागतात, दोन-तीनदा नव्हे तर कधी सात-आठदा. आपल्या संस्थांच्या स्वभावात हे बसत नाही. प्रमुखांच्या स्वाक्षरीशिवाय कागद बाहेर न जाण्याची जेथे रीत, तेथे चोविशीतल्या अभियंत्याने थेट जगाला फाइल पाठवावी आणि 'हे चूक आहे' असे उत्तर सर्वांसमक्ष घ्यावे, हे पचायला वेळ लागणारच.

महाविद्यालयांना मात्र हे बंधन नाही. नागपुरात १९६०पासूनची परंपरा असलेली व्हीएनआयटी आहे, २०१६मध्ये सुरू झालेली ट्रिपल आयटी आहे आणि खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांची तर उणीव नाही. दरवर्षी अंतिम वर्षाचे शेकडो प्रकल्प सादर होतात, जाड पुठ्ठ्याच्या बांधणीत ग्रंथालयात जातात आणि पुन्हा उघडले जात नाहीत. त्यांतल्या दहा गटांनी जरी एकेका बोर्डाचे वर्णन नियमांत बसवून मूळ भांडारात स्वीकारून घेतले, तर त्या विद्यार्थ्यांच्या नावाची नोंद जगातल्या सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या प्रणालीत कायमची राहील. मुलाखत घेणाऱ्याला ती पाच मिनिटांत तपासता येते. गुणपत्रिकेपेक्षा ती बोलकी आहे, आणि ती मिळवण्यासाठी पुणे-बंगळूरची गाडी पकडावी लागत नाही. या एका कामाने विदर्भाचा औद्योगिक अनुशेष भरून निघेल असा भ्रम कुणी बाळगू नये. या वर्णनलेखकांच्या जगभर काही लाख जागा निघतात असेही नाही. पण चिपच्या कारखान्यासाठी आपण ज्या दिल्ली-मुंबईच्या निर्णयांची वाट पाहत बसतो, तशी वाट येथे पाहावी लागत नाही, एवढा फरक आहे.

शहरातल्या एका महाविद्यालयातील तीन विद्यार्थ्यांनी काटोलकडच्या एका संत्राबागेसाठी मातीतील ओलावा मोजणारे यंत्र केले. त्यांची गोष्ट या संदर्भात बोलकी आहे. स्वस्त पडतो म्हणून त्यांनी ऑनलाइन एक परदेशी बोर्ड मागवला. विक्रेत्याने दिलेल्या दुव्यावर कित्येक वर्षांपूर्वीचा कर्नल होता. त्यात ओलावामापकाची वाहिनी बंद ठेवलेली होती. 'डिसेबल्ड'च्या जागी 'ओके' लिहायचे आहे हा शोध लागायला त्यांना तीन रात्री लागल्या. मग मार्गदर्शक प्राध्यापकांच्या सांगण्यावरून त्यांनी नवा कर्नल घेतला. त्यात चिपचे वर्णन होते, बोर्डाचे नव्हते. ते त्यांनी स्वतः लिहिले : १४३ ओळी. यंत्र उभे राहिले, बागेत महिनाभर चालले, प्रकल्पाला उत्तम गुण मिळाले.

ही फाइल पुढे कुठे पाठवली, असे विचारल्यावर तिघांनी एकमेकांकडे पाहिले. अशा फाइली पाठवायच्या असतात, त्या घेणारी माणसे असतात आणि त्या ठेवायचे दालन तयार असते, हे त्यांना कुणी सांगितलेच नव्हते. त्यांच्यापैकी एक आता हैदराबादला नोकरीला आहे. फाइल त्याच्या जुन्या लॅपटॉपमध्ये आहे, आणि तो लॅपटॉप त्रिमूर्तीनगरच्या घरी धाकटी बहीण वापरते.